फाइलीतल्या ॲनिमियास

रा. रा. ॲनिमिया यांस,
मुक्काम सीबीसीच्या कागदावरची पहिली ओळ, नवी मुंबई.

सा. न. वि. वि.

मायना मानाचा घातला असला तरी यापुढे तुला अरेतुरेच करणार आहे. आपली ओळखच तेवढी जुनी. मी भूलतज्ज्ञ. वाशी ते पनवेल या पट्ट्यातल्या ऑपरेशन थिएटरांत माझा दिवस जातो आणि हल्ली त्यातला बराचसा गुडघ्यांपायी जातो. गुडघा बदलायला आलेल्या बाईची फाइल उघडावी, तर कितीदा तरी माझ्याआधी तू तिथे येऊन बसलेला असतोस. तुला कुणी बोलावलेलं नसतं, आणि कुणी हाकलण्याच्याही भानगडीत पडलेलं नसतं.

ऑपरेशनच्या आधी आम्ही जी तपासणी करतो तिला लोक ‘फिटनेस’ म्हणतात. बाई येतात, बरोबर सून किंवा मुलगी असते, तिच्या हातात बटणाची प्लॅस्टिकची फाइल. फाइलीत सगळं असतं. गुडघ्याचे एक्स-रे, साखरेचे कागद, मोतीबिंदूचं बिल, एखादं जुनं रेशनकार्डसुद्धा. कागद उलटे लावत गेलं की तुझा इतिहास आपोआप उलगडतो. तीन वर्षांपूर्वीचं हिमोग्लोबिन १०.६, गेल्या वर्षीचं ९.८, परवाचं ९.२. लॅबच्या संगणकाने प्रत्येक वेळी तो आकडा ठळक ठशात छापलेला, शेजारी खाली वळलेला बाण. मी बाईंची खालची पापणी बोटाने ओढून बघतो. आतली कड लाल असायला हवी, ती जुन्या पावतीच्या गुलाबीसारखी दिसते. जिन्यावर दम लागतो का, असं विचारलं तर बाई म्हणतात, “जिना चढतच नाही हो आता.” आणि सून म्हणते, “आईंचं पहिल्यापासून कमीच असतं.”

हे ‘पहिल्यापासून कमीच’ फक्त सुनेचं नाही. सरकारी मोजणीतही तू असाच निसटतोस. २०१९-२१च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या ५४.२ टक्के बायकांमध्ये तू सापडलास. आधीच्या फेरीत तो आकडा ४८ होता. म्हणजे मधल्या काळात तू हातपायच पसरलेस. पण ही मोजणी १५ ते ४९ वयाच्या बायकांची. पन्नाशी उलटली की बाई त्या तक्त्यातून बाहेर. २०१८ साली सुरू झालेल्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’च्या यादीतही लहान मुलं आहेत, शाळकरी मुली आहेत, गरोदर आणि स्तनदा माता आहेत, पासष्टीची आजी नाही. ती मूल जन्माला घालणार नाही, तेव्हा तिच्या रक्ताशी कुणाला काय देणंघेणं, असाच जणू हिशेब. आणि गुडघे बदलायला येते ती नेमकी हीच बाई.

वैद्यकाच्या साध्या तर्काने बघितलं तर उलट व्हायला हवं. पाळी चालू असताना बाईचं रक्त कमी असण्याला दर महिन्याचं एक कारण असतं. पाळी जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी लोह कमी, तर मग रक्त जातंय कुठे? पुढचं प्रत्येक पाऊल या प्रश्नावर ठरायला हवं, आणि तोच विचारायचा राहून जातो.

मला विचारशील तर तुझं आणि गुडघ्याचं संगनमत आहे. सांगतो कसं. सिडको १९७० साली स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर उभं राहू लागलं, तेव्हा वाशी, नेरूळ, कोपरखैरण्यात चार चार मजल्यांच्या बिनलिफ्टच्या इमारती बांधल्या गेल्या. तेव्हा तिशीत असलेली जोडपी त्यात राहायला आली. साताऱ्याकडून, कोकणातून आलेली माणसं. कुणी बाजार समितीत माथाडी, कुणी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यात. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि पाठीवर पोती वाहणाऱ्यांना निदान नोंद, मजुरी आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला. त्यांच्या बायका डोक्यावर कळशा, काखेत पोर आणि हातात भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्याचे जिने चढल्या, आणि त्याची नोंद कुणीच ठेवली नाही. आज त्या सत्तरीच्या आसपास आहेत आणि गुडघे घासून हाडाला हाड लागलंय.

आता बघ, दुखणं सुरू झालं की बाई डॉक्टरकडे जात नाही, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे जाते. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक अशी दहाची पट्टी. सकाळी एक, हळदीकुंकवाला किंवा लग्नाला जायचं असेल तर आणखी एक. अशी पाच-सात वर्षं. या गोळ्या सांध्याची सूज उतरवतात, पण जठराचं अस्तर ज्या रसायनांवर टिकतं त्यांनाही दाबून टाकतात. अस्तर सोललं जातं आणि तिथून रक्त झिरपू लागतं, कळणारही नाही इतकं थोडं थोडं. शौचाचा रंग किंचित काळपट झाला तर ते बघतं कोण? मग पोटात जळजळ होते म्हणून पॅन्टोप्राझोल सुरू होतं. आम्ल कमी झाल्याने जळजळ थांबते, पण अन्नातलं लोह शोषायला ते आम्लच लागतं. म्हणजे एका गोळीने रक्त बाहेर काढायचं आणि दुसरीने ते भरून येण्याची वाट बुजवायची. मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन असतंच, ते बी-१२ खाली आणतं. गुडघ्यापायी घेतलेल्या गोळ्यांनी तू घरात आलास, आणि आता त्याच गुडघ्याच्या ऑपरेशनच्या आड तूच येतोस.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काय घडतं? “रक्त कमी आहे, दोन बाटल्या अरेंज करा.” झालं. नातेवाईक रक्तपेढीत धावतात, मोबदल्यात रक्त द्यायला पुतण्याला ऑफिसातून बोलावून घेतात, क्रॉसमॅच होतं, फ्रीजमध्ये पिशव्यांवर नाव पडतं. (बाटल्या जाऊन प्लॅस्टिकच्या पिशव्या येऊन कित्येक वर्षं झाली, पण बोलताना बाटलीच.) सगळ्यांना हायसं वाटतं. तुझा बंदोबस्त झाला असा समज होतो. तुझ्या केसालाही धक्का लागलेला नसतो.

मी रक्ताच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. पिशवी वेळेवर आल्यामुळे वाचलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि या राज्यात स्वेच्छेने रक्त देणाऱ्यांची परंपरा मोठी आहे याचा मला अभिमान आहे. पण एक पिशवी हिमोग्लोबिन जेमतेम एक ग्रॅमने वाढवते. ती घालताना ताप, थंडी, ॲलर्जी होऊ शकते; सत्तरीच्या अशक्त हृदयावर पाण्याचा भार पडून फुप्फुसात पाणी भरू शकतं. ज्यांना रक्त चढवलं त्यांच्यात जखमेत आणि सांध्यात जंतुसंसर्ग जास्त दिसतो, असं पुष्कळ अभ्यासांत आढळलंय. त्यातली काही माणसं मुळात जास्त आजारी असतात हे खरं, पण परक्या रक्ताने शरीराची प्रतिकारशक्ती काही काळ मंदावते हेही आहे. आणि नव्या सांध्यात जंतू शिरला तर तो सांधा पुन्हा उघडून, धुऊन, कधी काढून टाकून दुसरा बसवावा लागतो. शिवाय एप्रिल-मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं थंडावतात, रक्तपेढ्यांच्या फ्रीजमध्ये खडखडाट असतो. त्या दिवसांत ठरवून केलेल्या ऑपरेशनसाठी अडवून ठेवलेली पिशवी दुसऱ्या कुणाची तरी असू शकली असती.

आकडेमोड साधी आहे, तिला डॉक्टर लागत नाही. गुडघा बदलताना मांडीच्या हाडाचं आणि नडगीचं टोक कापतात. कापलेलं हाड स्पंजासारखं पाझरतं. मांडीला पट्टा आवळलेला असतो, त्याला आम्ही टुर्निके म्हणतो. त्यामुळे टेबलावर रक्त फारसं दिसत नाही. सक्शनच्या बरणीतून धुण्याचं पाणी वजा केलं, भिजलेले मॉप वजनकाट्यावर ठेवले, तर हिशेब तीनशे-चारशे मिलिलिटरचा लागतो आणि सगळे खूश होतात. पण पट्टा सुटल्यावर पुढचे एक-दोन दिवस रक्त आतल्या आत, मांडीच्या स्नायूंत आणि सांध्यात उतरत राहतं. तिसऱ्या दिवशी पोटरीपर्यंत जांभळं-पिवळं झालेलं दिसतं, ते हेच. दिसलेलं आणि न दिसलेलं मिळून एक लिटरच्या घरात जाऊ शकतं. पन्नास किलोच्या बाईच्या अंगात रक्त असतं सव्वातीन लिटरच्या आसपास. ऐंशी किलोच्या पुरुषाच्या अंगात साडेपाच. एकच सर्जन, एकच ऑपरेशन, तेवढंच रक्त गेलं. तिचं तिसऱ्या हिश्श्याइतकं आणि त्याचं पाचव्या हिश्श्याहून कमी. हिमोग्लोबिन अडीचने उतरलं असं धरू. १३ वरून निघालेली बाई साडेदहावर थांबते, चहा पिते, वॉकर धरून उभी राहते. ९.२ वरून निघालेली ६.७ वर जाते. रक्त लागणार की नाही हे टेबलावर फार थोडं ठरतं, ते फाइलीतल्या त्या ठळक आकड्यानेच जवळजवळ ठरलेलं असतं. म्हणूनच बाईंसाठी १२ आणि पुरुषांसाठी १३ ही जागतिक आरोग्य संघटनेची रेघ असली, तरी मोठ्या ऑपरेशनच्या आधी बायकांसाठीही १३च धरावी, असं २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन सुचवलं. छोट्या अंगाच्या माणसाला मुळात रक्त कमी, मग त्याला सवलत कसली द्यायची, असा त्यामागचा विचार. मला तो पटतो.

आता तुला हुसकावायचं कसं ते बोलू. पहिली गोष्ट, तू एकटा नसतोस, तुझे प्रकार असतात. लोह कमी असलेला, बी-१२ कमी असलेला, मूत्रपिंड थकल्यामुळे आलेला, संधिवातासारख्या जुनाट सुजेने आलेला, आणि कधी कधी मोठ्या आतड्यातल्या न कळलेल्या गाठीमुळे आलेला. या शेवटच्यासाठी गुडघा थांबला पाहिजे. दुर्बिणीने आतडं बघितल्याशिवाय तारीख देऊ नये. बाकीच्यांसाठी फेरिटिन, बी-१२, क्रिएटिनिन अशा तीन-चार तपासण्या पुरतात. फेरिटिन ३० च्या खाली म्हणजे लोहाचं कोठार रिकामं. सूज असेल तर फेरिटिन खोटं बोलतं, तेव्हा १०० पर्यंतही संशय धरायचा.

बी-१२चं तर महाराष्ट्रातच दाखवून दिलेलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण आणि शहरी पुरुषांचं रक्त तपासलं आणि २००६ साली जाहीर केलं, की ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आहे. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांमध्ये. सुखवस्तू, दूध-तूप खाणारी माणसं ही. आणि कुणी असं समजू नये की तू फक्त शाकाहाऱ्यांकडे मुक्काम करतोस. दिवाळे, करावे, सारसोळे अशा गावांतल्या कोळी आणि आगरी घरांत रोज ताटात मासा असतो, तिथल्या आजींच्या फाइलीतही तू भेटतोस.

लोहाचा हिशेब मात्र आजीच्या डब्यातल्या उपायांनी जुळत नाही. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, ही समजूत किती घट्ट बसलीय! बीटात लोह नावापुरतं. अळीव बरे, नाचणी-पालेभाज्या चांगल्या, लोखंडी तवा वापरावा, जेवणावर लगेच चहा घेऊ नये, लिंबू पिळावं. हे सगळं योग्यच. पण ते तू घरात येऊ नये म्हणून. ठाण मांडून बसल्यावर आकडे बघावे लागतात. साठ किलोची बाई, हिमोग्लोबिन ९.२, न्यायचं १३ वर. फरक ३.८. साठ गुणिले ३.८ गुणिले २.४, झाले सुमारे ५४७. त्यात कोठार भरायला ५०० मिळवायचे. हजारावर मिलिग्रॅम लोह हवं. गोळीतून दिवसाला त्यातलं जेमतेम काही मिलिग्रॅम अंगी लागतं. गोळी दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतून जास्त लोह शोषलं जातं, असं स्वित्झर्लंडमध्ये तरुण बायकांवर केलेल्या अभ्यासात २०१७ साली दिसलं, कारण रोज घेतली की शरीर हेप्सिडिन नावाच्या संप्रेरकाने आतड्याचं दार लोटून घेतं. पण कशीही घ्या, गोळीला निदान दोन महिने द्यावे लागतात. एवढा वेळ नसेल, गोळीने मळमळ-बद्धकोष्ठ होत असेल, तर शिरेतून लोह. आयर्न सुक्रोज दोन-दोनशे मिलिग्रॅमचं, चार-पाच खेपांत; किंवा फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज, एका बैठकीत हजार मिलिग्रॅमपर्यंत, पाव तासात. सलाइन संपल्यावर अर्धा तास बाईंना तिथेच बसवून ठेवायचं. ॲलर्जी क्वचित होते, पण होते. परिणाम तीन-चार आठवड्यांत दिसतो.

इथे प्रामाणिकपणे सांगायला हवं, की हे औषध म्हणजे रामबाण नाही. ब्रिटनमध्ये पोटाच्या मोठ्या ऑपरेशनच्या ४८७ रुग्णांवर केलेल्या चाचणीत, २०२० साली, शिरेतून लोह देऊनही रक्त लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. मी त्याचा अर्थ असा लावतो : कारण न बघता, सरसकट, ऑपरेशनच्या तोंडावर दिलं तर तू हलत नाहीस. त्या चाचणीत काहींना तर लोह ऑपरेशनच्या दहा दिवस आधी मिळालं होतं. फेरिटिन बघून, वेळ हाताशी ठेवून दिलेल्या लोहाची गोष्ट वेगळी, असं माझं मत आहे, आणि सगळे भूलतज्ज्ञ या मताचे नाहीत, हेही तुला माहीत असू दे.

थिएटरमध्ये मात्र मतभेद फारसे उरलेले नाहीत. चिरा घेण्याआधी एक ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड शिरेतून. पाळीत फार रक्त जातं म्हणून तुझ्या कितीतरी बायकांनी तरुणपणी हेच औषध गोळीतून घेतलेलं असतं. जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याने १९६२ साली या औषधाचा शोध प्रसिद्ध केला. उताकोबाईंना बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या बायका वाचवायच्या होत्या. शरीर रक्ताची गुठळी बनवतं आणि काही वेळाने ती विरघळवायलाही लागतं. हे औषध ते विरघळवणं थोपवून धरतं. नवी गुठळी ते बनवत नाही. २०१० साली ४० देशांतल्या वीस हजारांवर अपघातग्रस्तांवर त्याची चाचणी झाली, त्यात आपल्याकडचेही रुग्ण होते, आणि वेळेवर दिलं तर जीव वाचतात हे दिसलं. त्यानंतर ते हाडांच्या थिएटरांत स्थिरावलं. फिट येणारा रुग्ण असेल किंवा नुकतीच पायात वा हृदयात गुठळी झाली असेल तर जपून, कधी थेट सांध्यातच सोडायचं. औषध स्वस्त आहे. कदाचित म्हणूनच त्याचा फारसा गाजावाजा झाला नसावा.

बाकी कामं बारीकसारीक आहेत. कमरेतून भूल, म्हणजे रक्तदाब जरा खाली राहतो. बाईंना गरम पांघरूण, कारण एसीत अंग गार पडलं की रक्त गोठायची यंत्रणाच मंदावते. मांडीच्या हाडात पाडलेलं भोक हाडाच्याच तुकड्याने बुजवायचं. ड्रेनची नळी नको. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या ते आधी हृदयरोगतज्ज्ञाला विचारून. रोज उठून सीबीसीला पाच-पाच मिलिलिटर रक्त काढत बसायचं नाही. आणि ॲनिमिया असताना दोन्ही गुडघे एकदम नकोत.

या शेवटच्या वाक्यावर घरोघरी भांडणं होतात. “एकदाच काय ते होऊन जाऊ दे, डॉक्टर.” मुलगा अमेरिकेहून तीन आठवड्यांसाठी आलेला असतो. मेडिक्लेमचा प्रतीक्षाकाळ नुकताच संपलेला असतो, कॅशलेसची मंजुरी हातात असते, तिची मुदत टळायला नको असते. मी अशा वेळी अटलबिहारी वाजपेयींचं उदाहरण देतो. पंतप्रधान असताना १० ऑक्टोबर २००० रोजी मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा बदलला, न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन रणावत यांनी. उजवा गुडघा बदलला पुढच्या वर्षी जूनमध्ये. देशाचा कारभार सांभाळणाऱ्या माणसालाही दोन गुडघ्यांमध्ये आठ महिने मिळाले. घराघरांत ‘नी रिप्लेसमेंट’ हा शब्द पोचला तो तेव्हापासून, दोन खेपांचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पैशाचं म्हणशील, तर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा सांधा तेव्हा ५४,७२० रुपयांचा ठरला, कर वेगळा. त्यापुढे फेरिटिनची तपासणी आणि काही हजारांचं लोह ही भर जड नाही. जड जातो तो महिनाभर थांबण्याचा निर्णय. गुडघ्याला वीस वर्षं झिजायला वेळ होता, आता चार आठवडे कुणाकडे नसतात.

ऑपरेशननंतरही तुझ्याविषयी घबराट असते. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट येतो, ८.४, आणि वॉर्डातून फोन : “सर, एक बाटली लावू का?” दहाच्या खाली गेलं की रक्त, हा नियम १९४२ सालापासून चालत आलेला. अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी तो स्वतःच्या अनुभवावरून सुचवला आणि पुढची पन्नास वर्षं जगभर वापरला गेला. २०११ साली खुब्याचं हाड मोडलेल्या, हृदयविकार असलेल्या किंवा तो होण्याचा धोका असलेल्या २,०१६ वृद्धांची चाचणी प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना १० च्या खाली गेल्यावर रक्त, अर्ध्यांना ८ च्या खाली किंवा त्रास झाला तर. साठ दिवसांनी कोण जिवंत आहे आणि दुसऱ्याचा हात न धरता दहा फूट कोण चालतं, हे मुख्यतः बघितलं. दोन्हीकडे सारखंच. म्हणून मी फोनवर आकडा विचारत नाही. बाई उठून बसल्या का, चक्कर येते का, छातीत दुखतं का, नाडी किती, लघवी किती, हे विचारतो. ८.४ असून बाई फिजिओथेरपिस्टशी भांडत असतील तर रक्त नको. ७.६ असून धाप लागत असेल तर एक पिशवी लावा, मग पुन्हा तपासा. दोन पिशव्या जोडीनेच गेल्या पाहिजेत असा काही विधी नाही.

एका प्रकारच्या रुग्णांच्या बाबतीत मात्र हे सगळं, अगदी सगळं, न सांगता होतं. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मुंबईत असे काही लोक सापडले, ज्यांना कुठल्याच गटाचं रक्त जुळत नव्हतं. ओ गटाचंसुद्धा. त्यांच्या तांबड्या पेशींवर सगळ्यांकडे असतो तो एच हा पायाच नव्हता. जगाने त्या गटाला ‘बॉम्बे’ हे नाव दिलं. भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस निघतो, आणि साध्या तपासणीत तो ओ म्हणून खपून जातो. त्याच्यासाठी फ्रीजमध्ये आयत्या वेळची पिशवी नसतेच. दाते शोधायला राज्याबाहेर फोन जातात. असा रुग्ण गुडघ्यासाठी आला तर तारीख आपसूक महिनाभर पुढे जाते, फेरिटिन होतं, लोह जातं, थिएटरमध्ये थेंब थेंब मोजला जातो, दोन्ही गुडघ्यांचं नाव कुणी काढत नाही. म्हणजे आम्हाला हे येतं. ओ पॉझिटिव्ह आणि बी पॉझिटिव्ह बायकांसाठी करत नाही, कारण त्यांची पिशवी मिळते.

म्हणून इथल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांकडे माझी एक मागणी आहे, ती तुझ्या साक्षीने करतो. ज्या दिवशी गुडघ्याचा एक्स-रे बघून “बदलावा लागेल” असं म्हणाल, त्याच दिवशी, त्याच कागदावर, एक्स-रेखालच्या ओळीत सीबीसी आणि फेरिटिन लिहा. फिटनेसच्या दिवसापर्यंत ठेवू नका. तोवर बाईंनी बॅग भरलेली असते आणि मुलाचं परतीचं तिकीट निघालेलं असतं.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक भूलतज्ज्ञ

ता. क. : तुझ्यासारखा दिसणारा आणखी एक जण फाइलींत फिरत असतो, थॅलेसेमिया मायनर. नवी मुंबईत सिंधी, पंजाबी, कच्छी, गुजराती कुटुंबं पुष्कळ, त्यांच्यात तो जास्त; मराठी घरांतही असतो. तांबड्या पेशी बारीक, हिमोग्लोबिन १०-११, पण फेरिटिन भरलेलं. असा माणूस वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खातो आणि आकडा जागचा हलत नाही. त्याला लोह नको, एचबीए-टूची एक तपासणी हवी. ३.५ टक्क्यांच्या वर आलं तर आजींच्या गुडघ्यापेक्षा घरातल्या लग्नाच्या नातीचं रक्त तपासणं जास्त तातडीचं आहे, तिचं आणि होणाऱ्या जावयाचंही.